दहावं चाक

१

दत्तोबा पडवळांच्या सायकलच्या दुकानातून एक चाक चोरीला गेलं. तेही पंक्चर झालेलं, आणि पंक्चर होऊन तेहेतीस वर्षं उलटलेलं. लोणावळ्याच्या बाजारात बातमी पसरली तेव्हा लोक आधी खो खो हसले. मग कुठलं चाक ते कळलं, आणि हसणं बंद झालं.

सविता ओव्हाळ मात्र पहिल्यापासूनच हसल्या नाहीत. पोलिसात चौतीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेली ही बाई. म्हशीपासून मंगळसूत्रापर्यंत सगळ्या चोऱ्या तिनं पाहिलेल्या. त्यातून सविताबाईंचं एक मत पक्कं झालं होतं, की सोनं कुणीही चोरतं, पण कवडीमोल वस्तू चोरणाऱ्याची गरज फार मोठी असते.

शनिवारी सकाळी तळेगावातल्या त्यांच्या दाराशी प्रतीक्षा पडवळ येऊन उभी राहिली. दत्तोबांची मुलगी, वय चोवीस, स्वतः शर्यतीत उतरणारी. लोणावळ्याहून सायकलवरच आली होती आणि घामानं निथळत होती.

"ताई, उद्या कार्यक्रम आहे. तोवर चाक सापडलं नाही तर महिपती मामांचं, माझ्या आत्याच्या नवऱ्याचं, नाव कायमचं गेलं," ती म्हणाली.

"आधी पाणी पी. आणि पोलिसात का नाही गेलात?"

"बाबा म्हणतात, गंजक्या चाकाची तक्रार लिहून घ्यायला पोलीस काय रिकामे बसलेत?"

"तुझा बाप निदान एवढं तरी खरं बोलला," सविताबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

चाकाची गोष्ट मावळात कुणाला ठाऊक नव्हती! एक्याण्णव सालची मुंबई-पुणे घाटाची शर्यत. कुरवंड्याचा दत्तोबा आणि परंदवडीचा महिपती भोते, दोघे जिवाभावाचे दोस्त. त्या वर्षी पहिला येईल त्याला रेल्वेच्या संघात घेणार होते. खोपोलीहून चढ सुरू झाला तेव्हा दत्तोबा पुढे होता. शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणावर त्याचं पुढचं चाक बसलं, आणि महिपती त्याला मागे टाकून गेला तो गेलाच. रेल्वेचा संघ, देशभरातली बक्षिसं, मग बेल्जियमच्या एका संघाकडून दोन हंगाम पगारी सायकलपटू. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा अडतिसाव्या वर्षी तो परंदवडीला परतला. दत्तोबा इकडे बापाच्या दुकानात पंक्चर काढत राहिला.

त्या वळणावर महिपतीचे चुलतभाऊ नारळ घेऊन उभे होते. दत्तोबा म्हणाला, नारळ कसले, खिळे टाकायला उभे होते. पुढे दोन वर्षांनी महिपतीनं त्याच्याच बहिणीशी, नंदाशी, लग्न केलं. दत्तोबा लग्नाला गेला नाही. त्यानं ते चाक टायरसकट दुकानाच्या भिंतीवर टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "याच्या पोटात खिळा हाय."

आता तळेगावात सायकलचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं होतं आणि त्याला महिपतीचं नाव द्यायचं ठरलं होतं. महिपतीचा एकच हट्ट होता की दत्तोबा कार्यक्रमाला हवा. गुरुवारी दत्तोबानं निरोप धाडला, "येतो. पण समद्यांसमोर स्टेजवर तो टायर फाडायचा. खिळा निघाला तर पाटी उतरवायची." महिपती तत्काळ हो म्हणाला. आणि शुक्रवारी दुपारी चाक गायब!

"आता लोक म्हणतात, मामांनीच चोरलं. केंद्रवाले म्हणतात, नावाचं पुढे बघू," प्रतीक्षा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला सायकल त्यांनी शिकवली, ताई. बाबांच्या नकळत."

२

दुकानाला कुलूप होतं तसंच होतं. कडी शाबूत, शटर शाबूत. आत तीन लाखांची एक परदेशी सायकल दिमाखात उभी होती, तिला कुणी बोटही लावलं नव्हतं. भिंतीवर फक्त एक रिकामा खिळा आणि त्याखाली पांढुरका गोल डाग.

"एक ते चार दुकान बंद असतं. जेवायला घरी गेलतो," दत्तोबा म्हणाले. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. राग जुना झाला होता, पण मुरलेल्या लोणच्यागत त्याचा खार उतरला नव्हता.

"किल्ली?"

दत्तोबा बाहेर आले. दुकानासमोर त्यांच्या वडलांची काळी सायकल उभी होती. तिच्या हँडलची उजवी मूठ त्यांनी पिळून काढली. आत नळीत किल्ली होती.

"बापाची सवय. घरच्याबिगर कुणाला ठाव न्हाई."

"चोरी झाली तेव्हाही किल्ली इथंच सापडली?"

"व्हय. मूठबी नीट बसवलेली."

सविताबाईंनी मान डोलावली. परका चोर किल्ली गटारात भिरकावून पळाला असता. याला मात्र वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त होती.

"आता मला शर्यत सांगा. अगदी खोपोलीपासून."

दत्तोबांनी ती इतक्यांदा सांगितली होती की डोळे मिटूनही सांगता आली असती. तरी या वेळी त्यांचा आवाज जरा जपून निघाला. "खोपोलीत पानी प्यालो. तितंच हँडल जड वाटाया लागलं. म्हटलं पाय दमले. चढाला लागलो, रेटतच व्हतो. आन शिंग्रोबाच्या वळणावर चाक पार बसलं. महिपतीकडं जादा टायर व्हता, शिटाखाली बांधलेला. पन त्यानं मागं वळूनबी बघितलं न्हाई."

"आणि तुमच्याकडे?"

"माज्याकडं कुटला? परदेशी माल त्यो. ट्यूब आत घालून भवतीनं शिवलेला टायर असतो. टाके खाली, रिमच्या बाजूला, आन रिमला सोल्यूशननं चिकटवायचा. पंक्चर झाला की टाके उसवायचे, ट्यूबला ठिगळ लावायचं, परत शिवायचा. शर्यतीच्या आदल्या सांच्यालाच मी पुढच्याला ठिगळ लावलेलं."

"शिवलाही तुम्हीच?"

दत्तोबा थबकले. मग न राहवून त्यांच्या तोंडून कौतुक निघालं. "नंदीनं. तिच्यावानी टाका उभ्या पुन्यात कुणी घालत नव्हतं. दोन घरं पुढं, एक मागं. तिनं शिवलेला टायर उसवायचं झालं तर माजी नखं निघायची."

"त्या दिवशी शर्यतीत किती जण होते?"

"अडतीस."

"वळणावर आणखी कुणाचं चाक बसलं?"

प्रतीक्षानं बापाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

निघताना समोरचा चहावाला विठ्ठल सविताबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, सांगू का नको असं झालंय. शुक्रवारी अडीचच्या सुमाराला महिपती भाऊ आलते. सायकलवर. दुकानापुढं उभं राह्यलं पाच मिनटं. मी गिऱ्हाइकात गुंतलो. पुन्यांदा बघतो तर भाऊ न्हाईत."

३

परंदवडीला पोचायला दुपार झाली. महिपती अंगणात सायकलच्या साखळीला तेल घालत होते. काटक शरीर, नडग्यांवर जुन्या खरचटण्यांचे पांढरे माग. ओट्यावर नंदाबाई गोधडी शिवत बसल्या होत्या.

"शुक्रवारी दुपारी कुठे होतात, महिपती भाऊ?"

"लोणावळ्यात," ते सरळ म्हणाले. "दत्तोबाला भेटाया गेलतो. टायर फाडायच्या आधी एकदा बोलावं म्हटलं. दुकान बंद दिसलं, मंग माघारी वळलो."

"किल्ली कुठे असते ठाऊक आहे?"

"मला काय ठाव? लगीन झाल्यापासनं त्या घराची पायरी चढलेलो न्हाई."

"दत्तोबा म्हणतात, त्या दिवशी तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही."

महिपतींनी तेलाची बाटली खाली ठेवली. "खरं हाय. वळून बघितलं असतं तर थांबलो असतो. मंग जन्मभर त्याच्यासंगं पंक्चर काढत बसलो असतो. ते पाप माजं हाय, आन मी कुनापासनं ते लपवलेलं न्हाई. पन खिळे? दोस्ताच्या चाकाखाली?"

ओट्यावर नंदाबाईंचा दोरा संपला. त्यांनी सुई काढली, तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि मगच गोळ्यात खोचली. दुसरी सुई घेतली, ओवली, आणि शिवायच्या आधी तिचंही टोक नखावरून फिरवलं. सविताबाईंनी आयुष्यभर स्वतःच्या वर्दीची शिवण उसवून शिवली होती. इतकं कौतुक त्यांनी कधी कुठल्या सुईचं केलं नव्हतं.

"फार जपता हो सुईला," त्या म्हणाल्या.

"सवय हाय."

"कधीपासून?"

नंदाबाई उठल्या. "चा टाकते," म्हणून आत गेल्या.

"तुमची जुनी चाकं ठेवलीत म्हणे. बघू का?" सविताबाईंनी विचारलं.

महिपतींचा चेहरा एकदम उतरला. "तितं काय बघायचं? धूळ नुसती."

"चौतीस वर्षं धूळच बघितली मी. चला."

खोलीत भिंतभर चाकं टांगली होती. प्रत्येक हंगामाची एक जोडी, पुढचं आणि मागचं, आणि जोडीला साल लिहिलेली चिठ्ठी. मागच्या चाकाला मधोमध दात्यांची चकती, पुढचं साधं. एवढं ज्ञान त्यांना सकाळीच दुकानात मिळालं होतं. त्या बोटांवर मोजू लागल्या. दात्यांची नऊ. बिनदात्यांची एक, दोन, तीन... त्यांनी पुन्हा मोजलं. दहा.

दहावं चाक कोपऱ्यातल्या खुंटीला होतं. त्याला जोडीदार नव्हता आणि चिठ्ठीही नव्हती. टायर बसलेला होता.

मागून महिपतींचा आवाज आला. "हवालदारबाई, मीच चोरलं. लिवून घ्या."

४

सविताबाई वळल्या. दारात उभा राहिलेला माणूस त्यांनी नीट न्याहाळला. खोटं बोलणाऱ्यांची त्यांना सवय होती, पण असं स्वतःच्या गळ्यात घालून घेणारं खोटं क्वचितच ऐकायला मिळे.

"बरं. आत कसे शिरलात?"

"कुलूप तोडलं."

"कुलूप शाबूत आहे, भाऊ."

एवढ्यात नंदाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, आणि खुंटीवरचं चाक तिघांच्या मध्ये आलं.

"बसा दोघंही," सविताबाई म्हणाल्या. "आता मी बोलते, तुम्ही ऐका. वळणावर अडतीस सायकली गेल्या. खिळे टाकले असते तर एकाचंच चाक कसं बसलं? बरं, दत्तोबा स्वतः सांगतात, हँडल खोपोलीतच जड झालं होतं. म्हणजे वळण यायच्या कितीतरी आधी हवा सुटू लागली होती. ती भसकन गेली नाही, हळूहळू गेली. रस्त्यावरून काही घुसलं नव्हतं. जे होतं ते टायरच्या आतच होतं, निघाल्यापासून. आणि त्या टायरच्या आत शेवटचा हात कुणाचा गेला होता?"

सविताबाईंनी ट्रेमधला आपला कप उचलून घेतला.

"किल्लीची जागा घरच्यांनाच ठाऊक. त्या घरात वाढलेली, वस्तू जागच्या जागी ठेवणारी व्यक्ती कोण? महिपती भाऊंना किल्ली माहीत नाही, म्हणून ते कुलूप तोडल्याचं सांगतात. आणि नंदाबाई, सुईचं टोक शाबूत आहे की नाही हे प्रत्येक खेपेला बघणारं माणूस एकदा तरी पोळलेलं असतं."

नंदाबाईंनी ट्रे खाली ठेवला. आवाज स्थिर होता.

"कंदिलाच्या उजेडात शिवत व्हते. कापड लय जाड. शेवटच्या टाक्याला टोक मोडलं. जिमिनीवर शोधलं, सापडलं न्हाई. म्हटलं कुटंतरी उडालं आसंल. दादाला सांगावं तर परत उसवाया पायजे, आन सोल्यूशन वाळायचं कधी? दुसरा टायर न्हाई. रातीत त्याला निघायचं व्हतं मुंबईला. न्हाई सांगितलं. दुसऱ्या दिशी चाक बसल्याचं आयकलं, तवाच समजले."

"मग का बोलला नाहीत?"

"आधी दादाच्या भ्यानं. मंग ह्यांच्याशी लगीन ठरलं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "कोन म्हणलं असतं का नजरचुकीनं झालं? समदी म्हणली असती, व्हनाऱ्या नवऱ्यासाठी भावाचा टायर मारला. ह्यांची समदी दौड खोटी ठरली असती, हितनं बेल्जमपतूर. म्हटलं, खिळ्याची नुसती वदंता हाय, मिटंल कवातरी. मिटली न्हाई. आन आता ते फाडाया निघालं. गेले शुक्रवारी, गोधडीत गुंडाळून लोकलनं आनलं. बायका म्हणल्या, मावशी, परात लय मोठी घेतली, घरात लगीन हाय का?"

सविताबाईंना हसू आवरलं नाही. महिपती हसले नाहीत. ते बायकोकडे बघतच राहिले होते.

"शुक्रवारी सांजच्यालाच बघितलं मी चाक," ते हळूच म्हणाले. "तवापासनं घास उतरला न्हाई, नंदे. मला वाटलं, तुलाबी वाटतंय का खिळे मीच टाकले. म्हनून लपवलंस. एकतीस वर्षं माज्या घरात राहून तू बी मला तसलाच समजतीस."

"अवं!" नंदाबाईंच्या तोंडून एवढंच निघालं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडू लागल्या, आणि महिपती भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की सविताबाईंना बघवेना. त्या आपला चहा घेऊन अंगणात गेल्या.

थोड्या वेळानं नंदाबाई बाहेर आल्या. "तुमी चाक न्हेनार आता?"

"मी कशाला नेऊ? मी तर रिटायर्ड बाई. जिनं आणलं तिनं न्यावं," सविताबाई म्हणाल्या. "पण एक सांगते. खिळा लोकांसमोर बोलला गेला. सुईही लोकांसमोरच निघायला हवी."

५

रविवारी तळेगावात मांडव भरला होता. पाटीवर पडदा, टेबलावर नारळ, आणि पहिल्या रांगेत दत्तोबा हाताची घडी घालून. चाक नाही तर टायर फाडायचा कसा, हे ऐकवायलाच ते आले होते.

तेवढ्यात नंदाबाई स्टेजवर चढल्या. हातात गोधडीचं गाठोडं. गाठ सोडून त्यांनी चाक टेबलावर ठेवलं आणि मांडवात एकच गलका झाला. सविताबाई मागच्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. इथून पुढे आपलं काही काम नाही, हे त्यांना कळत होतं, तरी बसवत नव्हतं.

"दादा, वर ये," नंदाबाई म्हणाल्या. भावाशी त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलत होत्या.

दत्तोबा गेले. नंदाबाईंनी ब्लेडनं टायर रिमपासून सोडवला, खालची पट्टी सोलली आणि स्वतःचे टाके स्वतःच कापले. दोन घरं पुढं, एक मागं. दत्तोबांनी ते ओळखले असावेत, कारण त्यांचा हात आपोआप पुढे आला होता. शेवटच्या टाक्यापाशी नंदाबाईंनी बोट आत घातलं आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर काहीतरी ठेवलं. गव्हाच्या दाण्याएवढं, गंजून काळं पडलेलं सुईचं टोक.

"तुज्या चाकात खिळा नव्हता, दादा. माजी सुई व्हती. मोडली ते मला ठाव व्हतं. सांगितलं न्हाई. चोरीबी मीच केली. ह्यांचा काडीचा दोष न्हाई," त्या माईकसमोर म्हणाल्या.

दत्तोबांनी ते टोक तळहातावर घेतलं. मग त्यांनी महिपतीकडे पाहिलं.

"मी समद्या मावळाला सांगत फिरलो," ते म्हणाले. "लग्नाला आलो न्हाई. तुज्या दारात आलो न्हाई. ह्याच्यापायी?"

"मीबी मागं वळलो न्हाई त्या दिशी," महिपती म्हणाले.

"त्याचा हिसाब न्हाई मागत मी. शर्यत व्हती ती. तू कशाला थांबशील?" दत्तोबा बहिणीकडे वळले. "आन तू गं? टोक मोडलं तर सांगायचं व्हतंस की."

"सांगितलं असतं तर तू गेलाच नसतास, दादा. दुसरा टायर कुटं व्हता?"

दत्तोबा विचारात पडले. खराच प्रश्न होता. दुसरा टायर नव्हता. त्यांनी उसवलेला टायर उचलला, बहिणीच्या पुढ्यात ठेवला आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"शिव."

"आत्ता? हितं?"

"आत्ता. सुई आन दोरा हाय का?"

"सुई माज्यापाशी कायम असते. पन ट्यूब कुजलीय, दादा. ह्यात हवा टिकायची न्हाई."

"हवेला कोन इचारतंय? तू शिव. मी धरतो."

नंदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली, ओवली, आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून फिरवलं. मग थांबल्या आणि सुई भावापुढे धरली. दत्तोबांनी चष्मा वर सारला, टोक उजेडात नीट निरखून पाहिलं.

"शाबूत हाय," ते म्हणाले.

पाहुणे नारळ हातात धरून ताटकळले होते. प्रतीक्षा पडद्याची दोरी घेऊन उभी होती. महिपतींनी तिला हातानंच थांबायला सांगितलं आणि ते दत्तोबांच्या दुसऱ्या अंगाला टायरची कड धरून बसले.